ग्रहणाने ओठ फाटतो काय?

आरशासमोर उभे राहा आणि आपला वरचा ओठ नीट निरखून पाहा. नाकाच्या खालून ओठाच्या मध्यापर्यंत एक उथळ पन्हळ उतरलेली दिसेल. तिच्या दोन्ही कडांना दोन बारीक उंचवटे असतात. आता तोंड मिटा आणि जिभेचे टोक पुढच्या दातांच्या मागून टाळूवर, घशाच्या दिशेने फिरवा. अगदी मध्यरेषेवर एक बारीकसा वरंबा जिभेला लागेल. गोधडीचे दोन तुकडे जोडले की मधे शिवण राहते. तुमच्या ओठावरचे ते उंचवटे आणि टाळूवरचा तो वरंबा या अशाच शिवणी आहेत. तुमचा, माझा, सर्वांचाच चेहरा आईच्या पोटात तुकड्यातुकड्यांनी तयार होतो आणि मग जोडला जातो. बहुतेकांच्या बाबतीत ही जोडणी बिनचूक होते. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाच्या बाबतीत मात्र कुठेतरी एखादी शिवण उघडी राहते. ओठाची उघडी राहिली तर दुभंगलेला ओठ, टाळूची राहिली तर दुभंगलेली टाळू, आणि पुष्कळदा दोन्ही.

आता थोडे हिशेबाचे काम करू. भारतात वर्षाला अंदाजे २ कोटी ३० लाख बाळे जन्माला येतात. ७०० ने भागा. उत्तर ३२ ते ३३ हजारांच्या घरात येईल. ३६५ ने पुन्हा भागले की दिवसाला ९०. म्हणजे आपल्या देशात रोज, अगदी रोज, सुमारे ९० घरांत असे बाळ येते. हा ९० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सोनगीरनंतर नरडाणा लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे स्टेशन. समजा, या गावातील एक तरुण जोडपे धुळ्याला सोनोग्राफीसाठी गेले आहे. पहिलेच बाळंतपण, पाचवा महिना. तपासणी करता करता डॉक्टरांचा हात एका जागी थांबतो. त्या यंत्राचा दांडा थोडा तिरपा करतात, पुन्हा सरळ करतात आणि शेवटी सांगतात की बाळाच्या वरच्या ओठात डाव्या बाजूला फट दिसते आहे. घरी परतल्यावर काय होईल, याची तुम्हांला कल्पना आहेच. आजी विचारील, ‘ग्रहणात विळी घेतली होतीस काय ग?’ शेजारीण आठवण काढील की ग्रहणाच्या दिवशी ही दारात उभी होती. कोणी म्हणेल, सुई हातात धरली असेल. संध्याकाळपर्यंत घरात निकाल लागलेला असेल आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी आई उभी असेल.

हा निकाल विज्ञानाच्या कसोटीवर टिकतो काय, हे आपण आधी पाहू. कारण असे निदान झालेल्या आईबापांना धीर देण्याचे, माहिती देण्याचे जे काम आहे, ज्याला आज समुपदेशन म्हणतात, त्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते. आई तो तोंडाने विचारो वा न विचारो, तिच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो: ‘माझ्या हातून काय चुकले?’

उत्तर गर्भाच्या वेळापत्रकात आहे. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात भावी तोंडाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे दिसू लागतात. वर एक, दोन बाजूंना गालाकडचे दोन आणि खाली जबड्याचे दोन. वरच्या उंचवट्यावर नाकाच्या दोन खाचा पडतात. बाजूचे दोन उंचवटे वाढत वाढत मध्यरेषेकडे सरकतात आणि नाकाखालच्या मधल्या भागाला दोन्हीकडून येऊन भिडतात. भिडले की त्यांच्या कडांवरची पेशींची पातळ त्वचा विरते आणि दोन्ही बाजूंचे ऊतक एक होते. पांझरा तापीला मिळाल्यावर पुढे पाणी कोणते कुणाचे हे सांगता येत नाही, तसेच. सातवा आठवडा संपेपर्यंत वरचा ओठ पुरा झालेला असतो. त्या वेळी गर्भ भुईमुगाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो!

टाळूचे काम थोडे उशिरा होते, आणि ते समजण्यासाठी तुमचे दोन तळहात पुरेत. दोन्ही तळहात समोरासमोर, बोटे जमिनीकडे करून उभे लोंबते धरा. मधल्या जागेत जीभ आहे अशी कल्पना करा. सुरुवातीला टाळूच्या दोन फळ्या अशाच जिभेच्या दोन्ही अंगांना लोंबत असतात. मग खालचा जबडा वाढतो, जीभ खाली बसते, आणि या फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात. आता तुमचे तळहात आडवे करून बोटांची टोके एकमेकांना लावा. झाली टाळू! ती पुढून मागे जुळत जाते आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पडजिभेपाशी काम संपते. फळ्या उचलल्या जाण्यास उशीर झाला तर तोवर डोके रुंद झालेले असते आणि कडा एकमेकींपर्यंत पोहोचतच नाहीत. मुलींमध्ये या फळ्या मुलांपेक्षा काही दिवस उशिरा उचलल्या जातात. नुसती टाळू दुभंगण्याचे प्रमाण मुलींत अधिक आढळते, त्याचे हे एक कारण मानले जाते. ओठ दुभंगण्याचे प्रमाण मात्र मुलग्यांत अधिक, आणि तेही डाव्या बाजूला जास्त.

येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा आपल्या वरच्या आकड्याहून सुमारे दोनने मोठा असतो. कागदावर ‘२० आठवडे’ लिहिले असेल तर गर्भाचे खरे वय १८ आठवडे समजावे.

आता नरडाण्याच्या आपल्या जोडप्याकडे परत चला. आपल्याकडे गोड बातमी चारचौघांत सांगायची ती तिसरा महिना उलटल्यावर. म्हणजे सासूबाईंना बातमी कळून त्या ‘ग्रहण पाळ’ असे सांगू लागतात, तोवर बाळाचा ओठ कधीच जुळून गेलेला असतो, किंवा जुळायचा राहून गेलेला असतो. चौथ्या-पाचव्या महिन्यातले ग्रहण, जुळलेला ओठ पुन्हा कसा फाडणार? भिंत उभी राहून गिलावा झाल्यावर गवंड्याने विटांचा सांधा चुकवता येईल काय?

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, ‘पण ग्रहण नेमके सहाव्या आठवड्यातच पडले तर?’ शंका रास्त आहे, आणि तिला वेळापत्रकाने उत्तर देता येत नाही. तिथे दुसरा युक्तिवाद हवा. तो ९० चा आकडा आठवतो ना? नरडाण्याच्या आकाशात वर्षाला एखाददुसरे ग्रहण दिसते, काही वर्षी एकही नाही. पण अशी बाळे रोज जन्मतात. ग्रहण दिसलेल्या देशांत जन्मतात, न दिसलेल्या देशांतही जन्मतात. सावली हेच कारण असते तर, ज्या पट्ट्यात ग्रहण दिसले त्याच पट्ट्यात, ग्रहणानंतर सात-आठ महिन्यांनी अशा बाळांची लाट यायला हवी होती आणि एरवी शुकशुकाट हवा होता. ११ ऑगस्ट १९९९ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास खग्रास ग्रहणाची सावली गुजरात-महाराष्ट्रावरून सरकत गेली. त्या दिवशी या दोन राज्यांत लाखो गर्भवती होत्या. त्यानंतरच्या वसंतात इथल्या प्रसूतिगृहांत फाटलेल्या ओठांची रांग लागली नाही. शिवाय वासरे आणि कुत्र्याची पिल्लेही दुभंगलेल्या टाळूने जन्मतात, आणि ग्रहणात भाजी चिरणारी गाय अजून कुणी पाहिलेली नाही.

मग हा समज टिकला कसा? त्यात स्मरणशक्तीचा एक खेळ आहे. ज्या घरी असे बाळ येते, तेथे मागचे नऊ महिने चाळून काढले जातात आणि शोधले की काहीतरी सापडतेच: कधी ग्रहण, कधी घसरून पडणे, कधी विळी. ज्या शेकडो बायकांनी त्याच ग्रहणात भाजी चिरली आणि ज्यांची बाळे धडधाकट निघाली, त्यांना ती भाजी आठवायचे कारणच पडत नाही. वैज्ञानिक म्हणूनच दोन्ही गट घेतात आणि दोघांनाही तोच प्रश्न विचारतात. गंमत अशी की ही समजूत केवळ आपली नाही. मेक्सिकोतील प्राचीन अॅझटेक लोक मानीत की ग्रहण म्हणजे चंद्राचा घेतलेला चावा, आणि गर्भवतीने तो पाहिला तर बाळाच्या ओठाचाही लचका जातो. आजही त्या भागातील काही बायका ग्रहणात पोटाशी धातूची किल्ली वा पिन बाळगतात. हजारो मैलांवरच्या दोन समाजांना आकाशातली फट आणि ओठावरची फट सारखी दिसावी, हे समजण्यासारखे आहे. सारखे दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे, एवढेच.

ही समजूत निरुपद्रवी मात्र नाही. गर्भवतीला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून एका जागी बसवून ठेवले जाते, आणि खानदेशातला उन्हाळा तुम्हांला माहीत आहे. त्याहून मोठा अपाय म्हणजे तो निकाल, जो एका निरपराध बाईच्या माथी आयुष्यभरासाठी मारला जातो.

खरी कारणे कोणती, ती थोडक्यात पाहू. बहुतेक वेळा एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि त्यावर परिस्थितीचा थोडा भार, असे मिळून पारडे कलते. गरोदरपणातील धूम्रपान, दारू, आधीपासूनचा व काबूत नसलेला मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधे, मुरुमांवरच्या काही गोळ्या, यांनी धोका वाढतो. (म्हणून फेफऱ्याची गोळी मनाने बंद करायची नाही हो! झटका आई आणि बाळ दोघांनाही घातक. गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांना विचारून औषध बदलता येते.) क्वचित एखाद्या घराण्यात एकाच जनुकाचा दोष चालत आलेला असतो. अशा घरात आई किंवा वडील यांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे दिसतात. चाणाक्ष डॉक्टर म्हणूनच बाळाच्या चित्राबरोबर आईबापांच्या ओठांकडेही पाहून घेतात.

आता त्या यंत्राकडे वळू. आपला कान सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकतो. सोनोग्राफीत सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी वापरतात. तो शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि जेथे ऊतकाचा प्रकार बदलतो तेथून त्याचा काही भाग परततो. प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचे. विहिरीत हाक मारून खोली अजमावण्यासारखेच हे आहे. प्रतिध्वनी १०० मायक्रोसेकंदांनी आला, तर जाणे-येणे मिळून ०.१५४ मीटर, म्हणजे परावर्तन करणारा पृष्ठभाग ७.७ सेंटीमीटर खोल आहे. अशा असंख्य प्रतिध्वनींचे ठिपके मिळून पडद्यावर चित्र उमटते.

याच तत्त्वामुळे या यंत्राची मर्यादाही कळते. ओठ मऊ, बाहेर, आणि भोवती गर्भजल. बाळाने तोंड यंत्राकडे केले असेल तर १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत ओठातली फट बहुधा दिसते. टाळू मात्र जबड्याच्या हाडांआड दडलेली असते. हाड ध्वनी अडवते आणि मागे सावली पडते, शिवाय जीभ टाळूला टेकलेली. म्हणून नुसती टाळू दुभंगलेली असेल तर ती जन्मापूर्वी बहुधा कळतच नाही. श्राव्यातीत ध्वनीने जन्मापूर्वी दुभंगलेला ओठ ओळखल्याची नोंद १९८१ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे हे शास्त्र तसे तरुण आहे. आणि आपल्या देशात याच यंत्राचा गर्भाचे लिंग जाणून घेण्यासाठी दुरुपयोग झाला. त्यावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. बाळाचा ओठ सांगता येतो, लिंग सांगणे हा गुन्हा आहे.

निदान तर झाले. आता आईबापांना काय सांगायचे, आणि कसे? या कामात घाई करणे सर्वांत वाईट. दारात उभ्या उभ्या कागद हातात देऊन ‘ओठात डिफेक्ट आहे, मोठ्या दवाखान्यात जा’ असे म्हटले, तर त्या जोडप्याच्या कानांवर त्यानंतरचा एकही शब्द पोहोचत नाही. दोघांना बसवावे, शक्य तर सासूबाईंनाही. ज्या घरात निर्णय आजी घेते, तेथे आजीला वगळून केलेले समुपदेशन घराच्या उंबरठ्यावरच संपते, असे मला वाटते. पहिले वाक्य आईसाठी असावे: ‘ताई, तुमच्या हातून काही चुकलेले नाही. हा ओठ जुळायचा राहिला तो सातव्या आठवड्याच्या आत. ग्रहणाचा, विळीचा यात काही संबंध नाही.’ आणि मग आजीकडे वळून, तेवढ्याच आदराने, वर आपण केलेला तळहातांचा प्रयोग करून दाखवावा. भाषणापेक्षा तो लवकर पटतो.

त्यानंतर जे अजून नक्की कळलेले नाही, ते तसे सांगावे. फट फक्त ओठापुरती आहे की बाळात आणखी काही दोष आहेत, हा पुढचा महत्त्वाचा प्रश्न असतो. हृदय, मेंदू, हातपाय, मूत्रपिंडे यांची बारकाईने पाहणी करावी लागते. आणखी काही आढळले तर गर्भजलातील पेशींची गुणसूत्रे तपासण्याचा पर्याय डॉक्टर पुढे ठेवतात. फक्त ओठ वा टाळूच असेल, तर बाळाच्या बुद्धीला सहसा काही झालेले नसते. ते शिकते, खेळते, इतरांसारखे मोठे होते.

काही जोडपी विचारतात, ‘हे बाळ ठेवायचे की नाही?’ हा प्रश्न झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनी मर्यादा आखून दिल्या आहेत. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत लागते, त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत ठराविक परिस्थितींत दोघांचे, आणि २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग आहे असे वैद्यकीय मंडळाने ठरवले तरच परवानगी मिळते. संमती लागते ती स्त्रीची. ती सज्ञान असेल तर नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही कायदा मागत नाही. समुपदेशकाने हे विचारल्यास सांगावे, पण निर्णय आपल्या खिशातून काढून देऊ नये. त्याचे काम एवढेच की निर्णय घेणाऱ्यासमोर खरी माहिती असावी. फाटलेल्या ओठाचे छायाचित्र दाखवायचे तर त्याच बाळाचे शस्त्रक्रियेनंतरचे छायाचित्रही शेजारी ठेवावे. एकटे पहिले चित्र दाखवणे म्हणजे अर्धे खोटे बोलणे होय.

उलट बाजूचीही चूक होते. ‘काही नाही हो, दोन टाके घातले की झाले’ असे हसून म्हणणारे पुष्कळ भेटतात. हेतू चांगला, पण माहिती चुकीची. रस्ता लांबचा आहे आणि तो आईबापांना आधीच दाखवला पाहिजे.

त्या रस्त्यावरचा पहिला टप्पा दुधाचा. शरबताची नळी घ्या, मधोमध एक मोठे भोक पाडा आणि ओढून पाहा. शरबत वर चढत नाही, कारण भोकातून हवा आत येते आणि नळीतला दाब कमी होत नाही. टाळूला फट असलेल्या बाळाचे असेच होते. ते जोर लावते, दमते, पण दूध येत नाही, आणि आलेले कधी नाकावाटे बाहेर पडते. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. टाळूही दुभंगलेली असेल तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. बाळाला आडवे न धरता बसते धरावे, थोडे थोडे पाजावे, मधे मधे ढेकर काढावा आणि दर आठवड्याला वजन करावे. बोंडले पुष्कळ घरांतून हद्दपार झाले आहे, पण अशा बाळासाठी ते खरोखर उपयोगी साधन आहे. हे सारे जन्माआधी शिकून ठेवता येते, आणि जन्मापूर्वी निदान झाल्याचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो. पहिल्या चार दिवसांत बाळ उपाशी राहत नाही.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. शल्यविशारदांचा एक जुना आडाखा आहे, दहाचा नियम: वय १० आठवडे, वजन १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १० ग्रॅम. वजन का जपायचे ते आता लक्षात आले असेल. टाळूची शस्त्रक्रिया पुढे, ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, कारण मूल बोलू लागण्याआधी टाळू तयार हवी.

बोलण्याचा आणि टाळूचा संबंध काय? नाक चिमटीत धरा आणि म्हणा, ‘काका, पाटी, बाबा’. काही फरक पडला? आता ‘मामा, नाना’ म्हणा. आवाज कोंडला ना? किंवा नाकाखाली लहान आरसा धरा. ‘मामा’ म्हणताना त्यावर वाफ धरते, ‘बाबा’ म्हणताना धरत नाही. आपल्या वर्णमालेत ङ, ञ, ण, न, म ही अनुनासिके वेगळी काढून प्रत्येक वर्गाच्या शेवटी बसवली आहेत, ती उगीच नव्हेत. त्यांच्या उच्चाराच्या वेळी मऊ टाळू खाली असते आणि हवा नाकातून जाते. क, च, ट, त, प यांच्या वेळी ती वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. टाळूच उघडी असेल तर ही वाट बंद होत नाही. हवा सारखी नाकात निसटते आणि ‘बाबा’चा ‘मामा’सारखा काहीतरी उच्चार होतो. शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त होते, पण ती वापरायची सवय मुलाला शिकावी लागते. त्यासाठी वाचा-उपचार, आणि तो महिनोन्‌महिने. शिवाय या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठते, म्हणून श्रवणाची तपासणी. पुढे वेडेवाकडे दात, आणि हिरडीत फट असेल तर आठ-दहाव्या वर्षाच्या सुमारास तेथे हाड भरण्याची शस्त्रक्रिया.

हा इलाज किती जुना आहे, ठाऊक आहे? चौथ्या शतकात चीनमध्ये एका अठरा वर्षांच्या तरुणाचा ओठ वैद्याने शिवला आणि त्याला शंभर दिवस पेज पिऊन, न बोलता, न हसता राहायला सांगितले. हाच तरुण पुढे प्रांताधिपती झाला, असे चिनी बखरीत नमूद आहे. आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण अगदी अलीकडचे. १९३० साली पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत प्लॅस्टिक सर्जन झाले आणि १९६८ पासून वर्षानुवर्षे भारतात येऊन मोफत शिबिरे घेत राहिले. मोटार अपघातानंतर चाकाची खुर्ची आली, तरी शिबिरे थांबली नाहीत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा शिबिरांमुळे हजारो गरीब मुलांचे ओठ जुळले. पण शिबिर एका दिवसाचे आणि वाचा-उपचार दोन-तीन वर्षांचा. शिबिर संपल्यावर नरडाण्याच्या मुलाने दर आठवड्याला जायचे कोठे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

त्याचे काही उत्तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची ही योजना असून दुभंगलेला ओठ व टाळू यांचा तिच्यात स्पष्ट समावेश आहे. तिची फिरती पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांना तपासतात आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे, तेथे वाचा, श्रवण, दात यांचे उपचार एकाच छताखाली मिळावेत, अशी या योजनेतली कल्पना आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आईबापांनी गावातल्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवले की ही साखळी सुरू होते. शिक्षकांनी एवढे करावे: वर्गात कोणी नाकात बोलत असेल तर त्याला पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायला लावून वर्ग हसवू नये, आणि पथक येईल त्या दिवशी तो मुलगा घरी राहणार नाही हे पाहावे.

शेवटचा प्रश्न बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येतो: ‘पुढचे मूलही असेच होईल काय?’ आईबाप दोघांचे ओठ-टाळू चांगले असतील, घराण्यात दुसरे कोणी तसे नसेल आणि पहिल्या मुलाचा ओठ दुभंगलेला असेल, तर पुढच्या मुलाला ते होण्याची संभाव्यता ढोबळमानाने १०० त ४ आहे. ‘चार टक्के’ ऐकून घाबरणाऱ्याला ‘शंभरात शहाण्णव वेळा नाही’ असेही सांगावे. दोन्ही वाक्ये खरी आहेत, दोन्ही सांगितली पाहिजेत. आणि पहिले तसे झाले म्हणून आता पुढच्या चोवीस बाळंतपणांना अभय मिळाले, असेही नाही. फासा मागचे दान लक्षात ठेवीत नाही. खालच्या ओठावर खळगे असलेल्या घराण्याची गोष्ट मात्र वेगळी. तेथे एकच प्रभावी जनुक असल्याने तो मुलाकडे जाण्याची संभाव्यता दोनात एक असते. पुढच्या वेळी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्लाच्या गोळ्या घ्याव्यात. मज्जारज्जूचे दोष टाळण्यासाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. ओठाच्या बाबतीत पुरावा तितका ठाम नाही, पण गोळी स्वस्त आणि निर्धोक आहे.

स्वाध्याय म्हणून दोन गोष्टी करा. एक: प्रतिध्वनी ६५ मायक्रोसेकंदांनी परत आला, तर बाळाचा ओठ यंत्राच्या दांड्यापासून किती सेंटीमीटरवर आहे ते काढा (उत्तर ५ च्या आसपास यावे). दोन: घरातल्या आणि गल्लीतल्या पाच-सहा वडीलधाऱ्या बायकांना, गरोदर बाईने ग्रहणात काय काय करू नये असे त्यांनी ऐकले आहे, ते विचारा आणि वहीत लिहा. एका घरचा नियम दुसऱ्या घरी लागू आहे काय, ते ताडून पाहा. ज्या घरात असे मूल आहे, तेथे मात्र वही घेऊन जाऊ नका.